गर्भनिरोधक गोळीच्या आधीचा इतिहास वर्गात शिकवा: गोव्यातील जीवशास्त्र शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील उच्च माध्यमिक विद्यालयांतील जीवशास्त्राच्या शिक्षक-शिक्षिकांस,

सप्रेम नमस्कार.

बारावीच्या जीवशास्त्रात प्रजनन आरोग्याचे प्रकरण आहे. त्यात नैसर्गिक पद्धतींविषयी लिहिताना, पाळीच्या चक्रातील १० ते १७ या दिवसांत शरीरसंबंध टाळावा, असे एक वाक्य येते. सतरा-अठरा वर्षांची मुले हे दोन आकडे पाठ करतात, पेपरात लिहितात आणि पुढे लग्नानंतरही तेच धरून चालतात. हे आकडे आले कुठून आणि कोणाला लागू पडत नाहीत, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही. म्हणून आपल्याला कळकळीची विनंती: गर्भनिरोधक गोळी येण्याआधी माणसांनी काय काय करून पाहिले, त्यातले काय चालले, काय फसले आणि नेमके कुठे फसले, यासाठी दोन तासिका द्या.

हा इतिहास आपल्याकडे अजून घरात आहे. अमेरिकेत पहिली गोळी १९६० साली मंजूर झाली. भारत सरकारचा कुटुंबनियोजन कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला तेव्हा गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तसाच राहिला. आज ऐंशी-नव्वदीत असलेल्या आज्या वयात आल्या त्या या जुन्या साधनांच्या काळात, किंवा कसलेच साधन हाताशी नसताना. त्यांच्या वेळचे तोडगे पुढच्या पिढ्यांकडे आले आणि आता तेच ‘नैसर्गिक उपाय’ म्हणून मोबाइलवर फिरतात. मुलांना ते कळतातच. ते का चालत नाहीत, एवढेच कळायचे राहते.

दिवस मोजण्याची पद्धत आधी घ्या. दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या सोरानस या ग्रीक वैद्याने पाळीच्या अगदी आधीचे आणि लगेच नंतरचे दिवस गर्भ राहण्याचे मानले होते. एकोणिसाव्या शतकातही युरोपातले नामवंत डॉक्टर जवळपास हेच सांगत होते. कुत्री माजावर आली की तिला रक्त जाते, त्यावरून बाईची पाळी म्हणजेही माजाचा काळ, असा त्यांचा तर्क होता. त्यामुळे महिन्याचे मधले दिवस ‘सुरक्षित’ ठरले. ज्या जोडप्यांनी हा सल्ला निष्ठेने पाळला, ती गर्भ राहण्याच्या ऐन दिवसांतच एकत्र आली. सल्ला पाळण्यात ढिलाई केली ती कदाचित बचावली असतील.

चूक सुधारली क्यूसाकु ओगिनो यांनी. जपानमधील निइगाता येथे पोटाच्या शस्त्रक्रिया करताना ते बीजकोश प्रत्यक्ष पाहत आणि त्या बाईची पुढची पाळी कधी आली ते ताडून पाहत. बीज पुढच्या पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी सुटते, असे त्यांनी १९२४ साली मांडले. ऑस्ट्रियातील हेर्मान क्नाउस यांनी त्याच दशकात स्वतंत्रपणे जवळपास हाच निष्कर्ष काढला. (ओगिनो यांना स्वतःला हे सूत्र गर्भ टाळण्यासाठी वापरणे पसंत नव्हते.) वर्गात ठसवायचे ते हे की मोजणी उलटी, पुढच्या पाळीपासून मागे होते. पाळी आल्यापासून बीज सुटेपर्यंतचा काळ बाईगणिक आणि महिन्यागणिक बदलतो. ताप, स्तनपान, वजनातला फरक, मनावरचा ताण, यातले काहीही तो लांबवू शकते. बीज सुटल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ त्या मानाने ठरलेला. पण पुढची पाळी कधी येणार हे आज कोणाला ठाऊक? मागच्या पाळ्यांवरून अंदाज बांधावा लागतो, आणि पद्धत फसते ती इथेच.

हे गणित फळ्यावर करून घ्या. एखाद्या बाईच्या बारा पाळ्यांची काल्पनिक नोंद द्या: सर्वांत लहान चक्र २५ दिवसांचे, सर्वांत मोठे ३४. रूढ सूत्र असे की लहान चक्रातून १८ वजा करायचे आणि मोठ्यातून ११. २५ वजा १८ म्हणजे ७. ३४ वजा ११ म्हणजे २३. या बाईने ७ व्या दिवसापासून २३ व्या दिवसापर्यंत, एकूण १७ दिवस टाळायचे. आता सूत्रात दोन्ही ठिकाणी २८ घालायला सांगा. उत्तर येते १० आणि १७. पाठ्यपुस्तकातले आकडे हेच. ते ठरलेल्या २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचे आहेत. वरच्या बाईने ते धरले तर सुरुवातीचे तीन आणि शेवटचे सहा, असे नऊ धोक्याचे दिवस उघडे पडतात. मुलांनी स्वतः वजाबाकी केली की हे विसरत नाहीत. सोबत दोन गोष्टी सांगा: शुक्राणू गर्भाशयमुखाच्या स्रावात पाच दिवसांपर्यंत जगू शकतो, आणि सुटलेले बीज जेमतेम १२ ते २४ तास.

याच पद्धतीचा आपल्या देशातला प्रयोग सविस्तर सांगण्यासारखा आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने दिल्लीची लोदी कॉलनी आणि तेव्हाच्या म्हैसूर राज्यातले रामनगरम येथे ती करून पाहिली. तत्कालीन आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांचा कल साधनांपेक्षा संयमाकडे होता. योजना आखली अमेरिकन डॉक्टर अब्राहम स्टोन यांनी. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांसाठी मण्यांचा हार करण्यात आला. पाळीच्या दिवसांचे मणी वेगळ्या रंगाचे, सुरक्षित दिवसांचे हिरवे, धोक्याच्या दिवसांचे लाल. रोज एक मणी पुढे सरकवायचा. अडचण आली ती अंधारात. दिवा नसलेल्या खोलीत लाल आणि हिरवा सारखाच दिसतो. मग बोटांना कळावे म्हणून मण्यांचे आकार वेगळे केले. काही जणींनी मणी उलट्या दिशेने सरकवले, तेव्हा मणी एकाच बाजूला जाईल अशी कडी बसवावी लागली. काहींचा समज झाला की मणी सरकवला म्हणजेच गर्भ टळतो. आणि हार गळ्यात घालणे लाजेचे वाटू लागले, कारण त्याचा अर्थ साऱ्या गल्लीला कळत होता. या बायकांना कोणी अडाणी म्हणू लागले तर कृपया तिथेच थांबवा. आज मोबाइलवरचे पाळीचे ॲप हेच काम करते आणि त्याच जागी फसते: नोंद नियमित हवी, चक्र नियमित हवे, आणि नवऱ्याने ऐकायला हवे. तिसरी अट कोणत्याही मण्याने किंवा ॲपने पुरी होत नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या शाळा चर्चच्या व्यवस्थापनाखाली आहेत, म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. पोप अकरावे पायस यांनी ३१ डिसेंबर १९३० च्या परिपत्रकात कृत्रिम साधनांना विरोध केला. बारावे पायस यांनी ऑक्टोबर १९५१ मध्ये इटलीतील सुइणींसमोर बोलताना, गंभीर कारण असेल तर दिवस पाळण्याला मान्यता दिली. कॅथलिक घरांत ही पद्धत श्रद्धेने पाळली जाते. अशा घरातल्या मुलांना तर हे गणित सर्वांत आधी आणि सर्वांत अचूक यायला हवे. त्यात धर्माच्या आड येणारे काही नाही.

आता साधने. निरोधचा इतिहास सांगायला सोपा आणि मुलांना आवडणारा, पण तो साहित्याच्या अंगाने सांगा. सोळाव्या शतकात इटलीतील शरीरशास्त्रज्ञ फालोपियस याने औषधी द्रावणात भिजवून वाळवलेले तागाच्या कापडाचे आवरण सुचवले, ते उपदंशापासून बचावासाठी. त्याचे हे लिखाण १५६४ साली, मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. पुढे आतड्याची आवरणे आली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची इंग्लंडमधली कृती अशी: मेंढीच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची बंद पिशवी, म्हणजे अंधनाळ, काही तास पाण्यात भिजवायची आणि उलटी करायची. सौम्य क्षाराच्या पाण्यात ठेवून ते पाणी दर बारा तासांनी बदलायचे. आतला बुळबुळीत थर खरवडून काढायचा. जळत्या गंधकाची धुरी द्यायची, साबणाने धुवायचे, फुगवून वाळवायचे, सात-आठ इंचांवर कापायचे आणि उघड्या तोंडाला फीत शिवायची. फीत बांधण्यासाठी, कारण आवरण ताणले जात नसे आणि घसरे. वाळले की ते कडक होऊन तडकत असे, म्हणून वापराआधी पुन्हा पाण्यात भिजवावे लागे. महाग असल्याने धुऊन पुन्हा वापरत आणि बारीक छिद्र पडले तरी लक्षात येत नसे. शुक्राणू या पडद्यातून जात नाही, विषाणू मात्र जाऊ शकतो. म्हणजे विषाणूंमुळे होणाऱ्या लैंगिक रोगांपुढे हे साहित्य तोकडे होते.

गुडइयर यांना रबराच्या व्हल्कनीकरणाचे (गंधकासोबत तापवून रबर टिकाऊ करण्याचे) अमेरिकन पेटंट १८४४ साली मिळाले आणि एका दशकाच्या आसपास रबरी आवरणे निघाली. जाड, शिवणीची, पुन्हा पुन्हा वापरायची. १९२० च्या दशकात लॅटेक्स आले तेव्हा ती पातळ, बिनशिवणीची आणि बराच काळ टिकणारी झाली. लॅटेक्सचे तीन शत्रू वर्गात सांगा: ऊन, वेळ आणि तेल. मे महिन्यात उन्हात उभ्या स्कूटरची डिकी किंवा मागच्या खिशातले पाकीट ही ठेवायची जागा नव्हे. तेलाची गोष्ट तर आपल्या खोबरेलाच्या मुलखात सांगायलाच हवी. एकाच पाकिटातले दोन फुगे सारखे फुगवा, एकाला खोबरेल चोळा आणि तासाभराने दोन्हींवर सारखा दाब द्या. तेल लावलेला आधी फुटतो. तेल लॅटेक्सच्या साखळ्यांमध्ये शिरून तो फुगवते आणि त्याची ताकद जाते.

गर्भाशयमुख झाकण्याची कल्पना वेगळी आणि अधिक महत्त्वाची, कारण ती बाईच्या हातात होती. १८३८ साली बर्लिनमध्ये विल्डे यांनी गर्भाशयमुखाचा मेणाचा ठसा घेऊन त्यावरून रबरी टोपी करण्याची पद्धत दिली. १८८० च्या सुमारास जर्मनीतील मेन्सिंगा यांनी स्प्रिंगच्या कडेचा डायाफ्राम, म्हणजे गर्भाशयमुख झाकणारी रबरी वाटी, आणला, ॲम्स्टरडॅमच्या डॉ. आलेटा याकोब्स यांनी त्याचा प्रसार केला. मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी आपले संततिनियमन केंद्र १९२१ साली काढले, त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे निघाले. कर्व्यांना या कामासाठी प्राध्यापकी सोडावी लागली आणि खटले सोसावे लागले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. मराठी मुलांना हे नाव ठाऊक नसावे, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

डायाफ्राम वापरायचा कसा? आधी डॉक्टरने माप घ्यायचे. मापे साधारण ५० ते १०० मिलिमीटरच्या दरम्यान, पाच-पाच मिलिमीटरच्या फरकाने. वाटीत चमचाभर शुक्राणूनाशक जेली, थोडी कडेला. बसवल्यावर बोटाने चाचपून गर्भाशयमुख झाकले गेले याची खात्री करायची. संबंधानंतर किमान सहा तास काढायचा नाही. मग धुवायचा, पुसायचा, उजेडासमोर धरून छिद्र पाहायचे, कोरडा करून डबीत ठेवायचा. बाळंतपणानंतर माप पुन्हा घ्यायचे. हे सारे करायला दार लावता येणारी खोली, पाणी आणि कोणाच्या नजरेस न पडणारी जागा लागते. एकत्र कुटुंबात, विहिरीवरून पाणी आणणाऱ्या घरात, हे तिन्ही एकत्र मिळणे कठीण. डायाफ्राम भारतात फार पसरला नाही त्यामागे हे मोठे कारण आहे, आणि ‘बायकांनी नाकारला’ असे म्हणताना ते विसरले जाते.

हवामानानेही साधनांना हरवले. लंडनमधील रेंडेल यांनी १८८० च्या दशकात योनीत ठेवायच्या कोकोबटर आणि क्विनाइनच्या वड्या विकायला आणल्या. कोकोबटर ३४ अंशांच्या आसपास वितळते. लंडनच्या थंडीत ते शरीरात गेल्यावर वितळे, आपल्या एप्रिल-मेमध्ये मात्र डबीतच मऊ पडणार. (कोकमतेल याहून जास्त उष्णतेला वितळते, म्हणून त्याचा गोळा आपल्या घरात घट्ट राहतो, दोन्ही शेजारी ठेवून दाखवता येतील.) १९५० च्या दशकात भारतात योनीत ठेवायच्या फेसाच्या गोळ्या वाटल्या गेल्या. ओलावा लागला की आम्ल आणि खाण्याचा सोडा यांची क्रिया होऊन फेस येतो, हे त्यांचे तत्त्व. जुलैची हवा हा ओलावा आधीच पुरवते. प्रयोगशाळेत टार्टारिक आम्ल आणि सोड्याची कोरडी भुकटी समभाग मिसळून एक चमचा उघड्या बशीत आणि एक चमचा घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. पावसाळ्यात दोन-तीन दिवसांनी दोन्हींवर पाणी टाकून फेस मोजा.

आम्लाची कल्पना फार जुनी. इ.स.पूर्व १५५० च्या सुमाराच्या इजिप्शियन पपायरसात बाभळीच्या जातीचे झाड, खजूर आणि मध यांत भिजवलेला बोळा सांगितला आहे. बाभळीचा डिंक आंबला की लॅक्टिक आम्ल होते, त्यामुळे त्यात तथ्याचा अंश आहे. त्याहून जुन्या काहून पपायरसातली मगरीची विष्ठा अल्कधर्मी, म्हणून उलट कामाची. तिच्यापासून तास सुरू करू नका. वर्ग हसण्यात जातो. लिंबू आणि व्हिनेगर यांचे मात्र नीट सांगा, कारण ते आजही सुचवले जातात. योनीमार्गाचा पीएच ३.८ ते ४.५, म्हणजे तो मुळातच आम्ल आहे. वीर्य अल्कधर्मी आहे आणि आम्ल शोषून घेण्याची ताकद बाळगते, त्यामुळे ते काही सेकंदांत तिथला पीएच सातच्या आसपास नेते. त्याला पुरून उरेल इतके तीव्र आम्ल वापरले तर नाजूक अस्तर भाजून निघते आणि जखमेतून संसर्ग शिरतो. संबंधानंतर धुण्याचेही तसेच. अमेरिकन डॉक्टर चार्ल्स नोल्टन यांनी १८३२ सालच्या पुस्तकात तुरटीसारख्या द्रव्यांच्या पाण्याने धुवायला सांगितले. ते पुस्तक छापल्याबद्दल १८७७ साली लंडनमध्ये खटला झाला, आणि आरोपींमध्ये होत्या ॲनी बेझंट, पुढे होमरूलमुळे आपल्या इतिहासाच्या पुस्तकात येणाऱ्या त्याच. खटल्याने विषय घरोघर पोचवला हे मोठे काम. उपाय मात्र दुबळा: शुक्राणू काही मिनिटांत गर्भाशयमुखाच्या स्रावात शिरतात, तिथे पाणी पोचत नाही.

आपल्या ग्रंथांविषयी आदराने आणि तितक्याच काटेकोरपणे बोला. तेलात बुडवलेला सैंधवाचा खडा योनीत ठेवावा, असे मध्ययुगीन संस्कृत ग्रंथांत आहे. तीव्र मीठ शुक्राणूतले पाणी खेचते, तेल त्याची हालचाल मंदावते, तत्त्व बरोबर. पण खडा एका जागी विरघळतो, गर्भाशयमुख उघडेच राहते आणि अस्तराची आग होते. पिंपळी, वावडिंग आणि टाकणखार समभाग, दुधातून, हा योगही प्रसिद्ध आहे. त्यावर भारतात चाचण्या झाल्या, पण राष्ट्रीय कार्यक्रमातल्या साधनांत तो आलेला नाही. जास्वंदीची फुले कांजीत वाटून, सोबत मूठभर जुना गूळ, पाळीत तीन दिवस, हे तिसरे. फुलांचा बेंझिनमध्ये काढलेला अर्क उंदरांवर परिणाम करतो असे प्रयोगांत दिसले आहे. बेंझिनमध्ये उतरणारी द्रव्ये कांजीत उतरतीलच असे नाही, आणि अर्काची मात्रा उंदराच्या वजनावर ठरवलेली असते. ‘विज्ञानाने सिद्ध झाले’ असा संदेश आला तर मुलांनी हे दोन प्रश्न विचारावेत.

उत्तर आफ्रिकेतील प्राचीन सायरीन नगरात गर्भ टाळण्यासाठी वापरत असे म्हणतात, त्या सिल्फियम वनस्पतीचे नाव हल्ली फार ऐकू येते. ती वनस्पती पहिल्या शतकातच दुर्मीळ होऊन नाहीशी झाली, त्यामुळे तिची परीक्षा होऊच शकत नाही. तिच्या जागी वापरला गेला तो हिंग. १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता यांनी हिंगावर स्वतंत्र संवाद लिहिला आहे. फोडणीतल्या हिंगाने गर्भ टळत नाही, हे वेगळे सांगायला नको.

पाळी ‘आणण्यासाठी’ घ्यायच्या गोष्टींबद्दल एकच वाक्य ठाम सांगा: शिसे, पारा, मोठ्या मात्रेतले क्विनाइन, अनोळखी मुळ्या यांचा गर्भावर जो परिणाम होई तो आईला विषबाधा झाल्यामुळे होई. पिकलेल्या पपईने काही होत नाही, आणि तिच्यावर विसंबून गेलेले आठवडे परत मिळत नाहीत. १९७१ च्या कायद्याने गर्भपात डॉक्टरकडे सुरक्षितपणे करता येतो, हे त्याच श्वासात सांगा.

बाहेर काढून घेण्याची पद्धत सर्वांत जुनी आणि आजही चालू असलेली. अमेरिकेतील आकडेवारीत ती वापरणाऱ्या १०० पैकी सुमारे २० बायकांना वर्षभरात गर्भ राहतो. दर वेळी अचूक पाळली तर सुमारे ४. निरोधचे हेच आकडे १३ आणि २. काहीच न वापरता सुमारे ८५. हे आकडे फळ्यावर ठेवून ‘नेहमीचा वापर’ आणि ‘अचूक वापर’ यांतला फरक मुलांना शोधू द्या.

अंगावर पाजण्याचा उपाय तीन अटी एकत्र असतील तरच चालतो: बाळ सहा महिन्यांच्या आतले, पाळी परत आलेली नाही, आणि बाळाला दिवसा-रात्री फक्त आईचे दूध. पेज सुरू केली किंवा रात्रीचे पाजणे बंद झाले की संरक्षण संपले.

शेवटी व्यवहाराचे. पहिल्या तासिकेला गणित आणि मण्यांचा हार, दुसरीला साहित्य आणि प्रयोग, असे वाटून घ्या आणि मधे आठवडा ठेवा. त्या आठवड्यात वर्गात बंद डबा ठेवा. चिठ्ठीवर नाव नको, सर्वांना सारखा कागद, आणि ज्याला काही विचारायचे नाही त्यानेही कोरी चिठ्ठी टाकायची, म्हणजे कोणी विचारले ते ओळखू येत नाही. तातडीच्या गोळीविषयी प्रश्न हमखास येईल: लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी उपयोगी, औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, आणि राहिलेला गर्भ ती पाडत नाही. कोणी अठरा वर्षांखालील विद्यार्थिनी स्वतःविषयी बोलायला आली तर पॉक्सो कायद्याखाली माहिती कळवण्याचे बंधन आपल्यावर येते. हे तिला बोलू देण्याआधी सांगा, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा, म्हणजे तिला एकटीला पाठवावे लागणार नाही.

आपले,
वैद्यक आणि त्याचा इतिहास शिकवणारे काही गोवेकर